उन्हाळ्याची वैरण ऑक्टोबरमध्येच ठरते : माझा अनुभव

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यात सरासरी गाठली तरी वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपासच असतो, त्यामुळे उन्हाळ्यात वैरण कमी पडणे ही आमच्याकडे बातमी ठरत नाही. २०२३ चे वर्ष मात्र वेगळे होते. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, उजनी धरण पूर्ण भरलेच नाही आणि ३१ ऑक्टोबरला राज्य शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत सांगोल्याचा समावेश होता. आमच्या दावणीला तेव्हा चार संकरित गाई, एक खिलार गाय, दोन कालवडी आणि काही शेळ्या होत्या. २०२४ चा उन्हाळा एकही जनावर न विकता आम्ही कसा काढला, ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण उन्हाळ्याचे नियोजन म्हणून जे सल्ले दिले जातात त्यांतील बहुतेक मार्चमध्ये सुरू होतात आणि माझ्या मते तोवर निम्मा निकाल लागलेला असतो.

सप्टेंबरच्या शेवटी थोडा पाऊस झाला आणि विहिरीत पाणी दिसू लागले. घरात तेव्हा दोन मते होती. सासऱ्यांचे म्हणणे असे की हे पाणी डाळिंबासाठी राखून ठेवावे आणि वैरणीसाठी नेहमीप्रमाणे मार्चमध्ये मका टाकावी. माझा हिशेब वेगळा होता. आमच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत होणारे बाष्पीभवन डिसेंबरच्या दुपटीहून अधिक असते, म्हणजे डिसेंबरमध्ये दहा-बारा दिवसांनी पाणी दिले तरी टिकणारे पीक एप्रिलमध्ये आठवडाभरही तग धरत नाही. शिवाय तापमान ३५ अंशांच्या वर गेले की मक्याचे परागकण निकामी होऊ लागतात, कणसात दाणा भरत नाही, आणि ताटातील न पचणारा काष्ठमय भाग वाढतो. उन्हाळ्यातला मका हिरवा दिसतो आणि वजनालाही भरतो, पण गाईच्या पोटात गेल्यावर हिवाळ्यातल्या मक्याइतके काम करत नाही. तेव्हा विहिरीतले पाणी उन्हाळ्यापर्यंत राखण्यापेक्षा ते आत्ताच मक्याला देऊन, त्या मक्याचा मुरघास, म्हणजे कुट्टी करून हवाबंद आंबवलेली हिरवी वैरण, करून ठेवावा, असे मी सुचवले. डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत धरला जाणारा फुलोरा, त्या वर्षी धरायचा नाही आणि झाडे केवळ जगवायची, ही त्याची किंमत होती. पतींनी ती मान्य केली. सासऱ्यांनी मान्य केली असे म्हणता येणार नाही, परंतु त्यांनी विरोध थांबवला.

किती मका लागेल याचा हिशेब साधा होता. मोठ्या दुभत्या गाईला दिवसाला १५ ते २० किलो मुरघास आणि जोडीला पाच-सहा किलो कोरडी वैरण पुरते. आमच्या दावणीला दिवसाला ९० किलोच्या आसपास मुरघास लागणार होता आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंतचा काळ धरला तर १२ टनांची बेगमी आवश्यक होती. ‘आफ्रिकन टॉल’ जातीचा मका चांगल्या पाण्यावर एकरी २० टनांपर्यंत हिरवी वैरण देतो. तुटपुंज्या पाण्यावर तेवढी अपेक्षा धरण्यात अर्थ नव्हता, म्हणून पूर्ण एकर त्यालाच दिला आणि ठिबकवर ऑक्टोबरच्या सुरुवातीस पेरणी केली.

कोरड्या हवेत मक्यावर अमेरिकन लष्करी अळी अधिक जोमाने येते. २०१८ मध्ये ही कीड भारतात पहिल्यांदा आढळली आणि त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यातही पोहोचली, तेव्हापासून पोंगा (शेंड्याची कोवळी पाने) उघडून पाहणे हे मक्यात रोजचेच काम झाले आहे. फवारणी कोवळ्या अवस्थेतच उरकली, कारण पुढे हीच वैरण जनावरांच्या पोटात जाणार होती. डिसेंबरमध्ये पाण्याच्या दोन पाळ्या लांबल्या आणि पीक दुपारी पाने वळवू लागले. ताण बसलेल्या मक्यात जनावरांना विषारी ठरणारे नायट्रेट साठते आणि ते बुंध्याकडे सर्वाधिक असते, ही गोष्ट पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी सांगितली होती. म्हणून कापणीच्या वेळी खालचा वीतभर बुंधा आम्ही शेतातच ठेवला. मजुरांना तो निव्वळ नासाडीचा प्रकार वाटला. मुरघास मुरताना नायट्रेटचा काही भाग कमी होतो, तरीही दुष्काळी वर्षात एवढी काळजी जास्त म्हणता येत नाही.

कापणी केव्हा करावी यावर मुरघासाचे सारे अवलंबून असते. कणसातील दाणा नखाने दाबला की पातळ दूध न येता दाट चीक यावा, आणि कुट्टी मुठीत घट्ट दाबून मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटावा व तळहात नुसता ओलसर व्हावा, एवढ्या दोन खुणा मी पाहिल्या. मुठीतून रस ठिबकला तर पाणी जास्त आहे, तशी वैरण सडते. गोळा लगेच विस्कटला तर ती वाळली आहे, तिच्यातील हवा निघत नाही आणि बुरशी धरते. आमचा मका या अवस्थेला डिसेंबरच्या अखेरीस आला. कुट्टी मशीन भाड्याने आणून दोन सेंटिमीटरच्या आतले तुकडे केले आणि प्लास्टिकचे अस्तर असलेल्या ५०० किलोच्या पिशव्या भरल्या.

खड्डा न करता पिशव्या का घेतल्या, याचे कारणही ऊनच होते. मुरघास हवाबंद असेपर्यंत टिकतो, पण एकदा तोंड उघडले की उष्ण हवेत तो पुन्हा तापू लागतो आणि वरचा थर खराब होतो. मोठ्या दावणीचा खड्डा रोज पुरेसा उपसला जातो. आमच्यासारख्या लहान दावणीला तो महिनोन्महिने उघडा राहिला असता. ५०० किलोची पिशवी आठवड्याच्या आत संपते. भरताना प्रत्येक थर पायांनी तुडवायचा, कडा अधिक तुडवायच्या, अस्तराच्या तोंडाला पीळ देऊन दोरीने आवळायचे आणि पिशवी सावलीत ठेवायची, एवढेच काम. पण थंडीच्या दिवसांतही त्या तुडवण्याने घाम निघाला. पिशव्यांना उन्हाचा आणि उंदरांचा असा दुहेरी धोका असतो. वरून उसाचे पाचट टाकले आणि खाली विटांचा थर घातला, तरी दोन-तीन पिशव्यांना उंदरांनी भोके पाडलीच. ती चिकटपट्टीने तत्काळ बुजवली.

सासूबाईंना हा सगळा प्रकार पसंत नव्हता. आंबलेली वैरण दुभत्या जनावराला घालू नये असे त्यांचे ठाम मत होते. फेब्रुवारीच्या मध्यास पहिली पिशवी उघडली तेव्हा वरचा ओंजळभर पांढरा थर काढून टाकावा लागला. त्याखाली पिवळसर हिरव्या रंगाची, ताकासारख्या आंबट वासाची कुट्टी होती. संकरित गाईंनी ती पहिल्या दिवशी हुंगून सोडली, म्हणून कडब्याच्या कुट्टीत थोडी थोडी मिसळून सवय लावली. खिलार गाईने मात्र पहिल्याच दिवशी गव्हाण चाटून साफ केली. ती सासूबाईंची लाडकी असल्याने आमच्या घरातील वाद तेथेच मिटला.

कोरड्या वैरणीची कथा निराळी होती. मालदांडी ज्वारीची ताटे त्या वर्षी गुडघ्याच्या थोडी वर आली होती, त्यामुळे घरच्या कडब्याची गंज नेहमीच्या निम्मीही झाली नाही. शेजारचा मंगळवेढा तालुका ज्वारीचे कोठार समजला जातो, पण तेथेही तीच अवस्था होती आणि शेकडा पेंढ्यांचा भाव आठवड्यागणिक चढत होता. आम्ही कडबा फेब्रुवारीतच, खळे चालू असताना घेतला. गव्हाचे काड स्वस्त मिळाले, त्यावर युरियाची प्रक्रिया केली : १०० किलो काडाला चार किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथराने शिंपडून, तीन आठवडे झाकून ठेवले. युरियाचा खडा तसाच राहिला तर जनावर दगावू शकते आणि सहा महिन्यांखालील वासरांना हे काड घालायचे नसते, त्यामुळे ते काम मी कोणावर सोपवले नाही.

गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे. त्यावर मारवेल आणि अंजन ही चांगली गवते काही ठिकाणी टिकून आहेत, बाकी सर्वत्र कुसळी. हे गवत पावसाळ्यात वाढून फुलोऱ्यावर येते, आणि नेमका ऑगस्टच कोरडा गेल्याने ते खुरटले व त्याचे बी नीट धरले नाही. मार्चमध्ये माळ पाहिला तर गवत होते, पण ते केवळ रंगाला आणि पोट भरल्याच्या समाधानाला. वाळलेल्या कुसळीत प्रथिने नाममात्र उरतात आणि तिची कुसळे शेळ्यांच्या तोंडाला टोचतात. ज्या मेंढपाळांना आम्ही दरवर्षी शेतात मेंढ्या बसवायला बोलावतो, ते त्या वर्षी फेब्रुवारीतच पुढे निघून गेले. माळ किती दिवसांचा आहे, हे त्यांच्याइतके अचूक कोणी सांगू शकत नाही. आमच्या शेळ्या बाभळीच्या शेंगांवर आणि बांधावरच्या शेवरीवर राहिल्या. शेवरीचा मूठभर पाला गाईंनाही रोज दिला, कारण उन्हात पांढरा पडलेल्या कडब्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचा अंशही राहत नाही आणि त्याच्या अभावाने गाई माजावर येत नाहीत.

एप्रिलमध्ये पारा ४३ अंशांच्या वर गेला. वैरण पुरेशी असूनही दूध कमी झाले, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. संकरित गाय अशा उष्म्यात खाणेच कमी करते, कारण रवंथ करताना आणि पचनातही शरीरात उष्णता निर्माण होते. दुपारी गव्हाण भरलेली असायची आणि गाई जीभ बाहेर काढून धापा टाकत उभ्या असायच्या. मग वैरणीच्या वेळा बदलल्या. मोठा हिस्सा पहाटे चारला आणि रात्री नऊनंतर, दुपारी केवळ पाणी. दुभती गाय या दिवसांत ७० लिटरहून अधिक पाणी पिते आणि टँकर आठवड्यातून ठरावीक वेळीच येत असे, त्यामुळे वैरणीपेक्षा पाण्याची चिंता मोठी झाली. गोठ्याच्या पश्चिमेला ओले गोणपाट टांगले. खिलार गाय मात्र लिंबाखाली निवांत उभी असायची.

या काळात अनेकांनी हायड्रोपोनिक, म्हणजे मातीविना पाण्यावर उगवलेला चारा सुचवला. ट्रेमध्ये उगवलेला तो हिरवा गालिचा दिसायला मोहक असतो आणि एक किलो धान्यापासून पाच-सहा किलो चारा मिळतो हेही खरे आहे. परंतु वाढलेले सर्व वजन पाण्याचे असते, कोरडे द्रव्य मूळ धान्यापेक्षा वाढत नाही. टँकरच्या पाण्यावर तो उद्योग करणे मला पटले नाही. उसाच्या वाढ्यांविषयीही, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याविषयीही, थोडे सांगते. कारखान्यांच्या पट्ट्यातून ती येतात आणि दुष्काळात ती नाकारता येत नाहीत, पण त्यांतील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. आम्ही वाढी दिली तेव्हा चुन्याची निवळी आणि खनिज मिश्रण सोडले नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला आणि शिवार चार दिवसांत हिरवे दिसू लागले, तरी आम्ही जनावरे लगेच सोडली नाहीत. या वेळी घाई करणाऱ्यांचे नुकसान मी पूर्वी पाहिले आहे. न नांगरलेल्या रानात ज्वारीच्या खोडक्यांना जे कोवळे कोंब फुटतात, त्यांत हायड्रोसायनिक आम्ल या विषाचे प्रमाण एवढे असते की भुकेले जनावर काही मिनिटांत आडवे होते. नव्या गवतात पाणी अधिक आणि तंतू कमी असल्याने शेण पातळ होते, शेळ्या-मेंढ्यांत आंत्रविषार हा आतड्यांचा जीवघेणा रोग बळावतो. आंत्रविषाराची, तसेच गाईंसाठी घटसर्प आणि फऱ्याची लस आम्ही पावसापूर्वीच टोचून घेतली होती. गायरानावर जनावरे जुलैच्या मध्यानंतर नेली, तोवर मारवेलीला धरण्याजोगे पान आले होते. शेवटची पिशवी त्याच सुमारास संपली.

त्यानंतरचे वर्ष उलट्या टोकाचे गेले. २०२५ मध्ये मे महिन्यातच मुसळधार पाऊस झाला, मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत पोहोचला आणि ती तेथील आजवरची सर्वांत लवकरची नोंद ठरली. आमच्या शिवारात वाफसा येईना, उन्हाळी मका चिखलात लोळला आणि उघड्यावर रचलेल्या गंजी आतून तापून काळ्या पडल्या. आमची निम्मी वैरण पिशव्यांत होती, ती सुरक्षित राहिली. कडब्याचा वरचा थर मात्र गेला. यंदा गंज पत्र्याखाली, जमिनीपासून हातभर उंच ओट्यावर रचली आहे, आणि डाळिंबाचा आंबे बहार पुन्हा धरायचा की नाही याचा निर्णय ऑक्टोबरमध्ये विहीर पाहूनच करायचा, असे सासऱ्यांनी स्वतःहून सांगितले आहे.