वांगाची ट्यूब आणि सोलापूरचे ऊन

धाकट्या मुलीच्या वेळी सहाव्या महिन्यात माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग दिसू लागले. सासूबाई म्हणाल्या, "वांग आहे, बाळंतपणानंतर जाईल." मुलगी चार वर्षांची झाली तरी डाग तसेच राहिले, तेव्हा मी घराजवळच्या औषधांच्या दुकानात विचारले आणि दुकानदाराने चिठ्ठी न मागता एक ट्यूब हाती ठेवली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, म्हणून ती मी वर्षभर लावत राहिले.

त्रास सुरू झाला तो ट्यूब संपल्यावर. दोन-तीन दिवसांत गाल लाल होत, भाजल्यासारखे हुळहुळत, बारीक पुळ्या उठत आणि पुन्हा मलम लावले की सारे शांत होई. पुढे हनुवटीवर लव वाढली आणि गालांवर रक्तवाहिन्यांचे लाल धागे उमटले.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूब मागवून घेतली आणि तिच्यावरची बारीक अक्षरे मलाच मोठ्याने वाचायला लावली: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. पहिले औषध त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला रोखते, दुसरे वरच्या थरातील जुन्या पेशी लवकर झडायला मदत करते आणि तिसरे म्हणजे स्टेरॉइड, जे पहिल्या दोघांमुळे होणारी आग शमवते. अशा तिहेरी मिश्रणाचा पाया अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ साली घातला होता. ते औषध वाईट नाही. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रात्री, फक्त डागांवर आणि मोजके आठवडे लावायचे असते. वर्षभर लावल्यास स्टेरॉइडने त्वचा पातळ होते आणि त्याच्यावाचून राहीनाशी होते. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षे लावत राहिल्यास क्वचित निळसर काळे डाग पडतात, आणि ते घालवणे वांगापेक्षा अवघड असते. केंद्र सरकारने २०१८ साली चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली, तरीही अशी मलमे गोरेपणाची क्रीम म्हणून हातोहात खपतात, याचा मला मनापासून संताप येतो.

माझे स्टेरॉइड टप्प्याटप्प्याने बंद करण्यात कित्येक महिने गेले. त्यानंतर रात्री २० टक्क्यांचे अॅझेलेइक आम्ल सुरू झाले. ते सावकाश काम करते, सुरुवातीला थोडे चुणचुणते, परंतु गरोदरपणातही सहसा सुरक्षित मानले जाते, तर ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन त्या काळात टाळतात. लिंबाचा रस चोळण्याचा सल्ला मला अनेकींनी दिला. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते आणि नवे डाग पडतात.

खरा भार मात्र सनस्क्रीनवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीसच्या पुढे जातो आणि सकाळी दहाला स्कूटरवरून निघाले तरी ऊन चेहऱ्यावरच येते. शिवाय वांग केवळ अतिनील किरणांनी नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होते, आणि तो पांढऱ्या किंवा पारदर्शक सनस्क्रीनने फारसा अडत नाही. त्यासाठी लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन लागते. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा काढाव्यात, एवढे मलम चेहरा आणि मानेला पुरते. मी पूर्वी हरभऱ्याएवढे लावत होते. बाहेर असताना ते दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावते आणि वरून सुती ओढणी घट्ट बांधते. डाग आता फिके आहेत, परंतु मार्चमध्ये आठवडाभर आळस केला तर ओठावरचा डाग लगेच ठळक होतो.

आमच्या शेजारच्या वहिनी कडक भाकऱ्या करून विकतात. रोज तीन-चार तास त्या चुलीसमोर बसतात आणि धगीनेही वांग वाढू शकते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. परवा त्यांनी पदराच्या गाठीतून एक दबलेली ट्यूब काढून मला दाखवली आणि विचारले, "ताई, ही चालेल का हो?" घडीजवळच्या अक्षरांत मोमेटासोन होते. दोन महिन्यांपासून त्या ती लावत होत्या. एकदम बंद करू नका, एवढेच मी त्यांना सांगितले आणि सोमवारी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जायचे ठरवले आहे.