माळ्यावरची ट्रंक

आज बेळगावात, शहापूरच्या घरी माळा झाडायला चढलो आणि दुपार तिथंच गेली. काकांच्या ट्रंकेत 'रॉक स्ट्रीट जर्नल' या रॉक संगीताच्या मासिकाचे सतरा अंक मिळाले. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण मजकूर शाबूत आहे.

१९९३ साली अमित सैगल यांनी अलाहाबादहून हे मासिक सुरू केलं. मुंबई-दिल्लीतून नव्हे, अलाहाबादहून! मला याचंच फार अप्रूप वाटतं. त्याच वर्षी 'रॉक मशीन' या रॉक बँडनं नाव बदलून 'इंडस क्रीड' घेतलं. तेव्हा बँडनं नाव का बदललं, ड्रमर का सोडून गेला, स्वतःची गाणी वाजवली तर कॉलेजची पोरं ऐकतात का, हे आमच्या गावात कुठं कळणार? इंटरनेट नव्हतं. काका पोस्टमनची वाट बघत दारात उभे राहायचे, असं आजी सांगायची.

आमच्या बेळगावाला कुमार गंधर्वांचा अभिमान आहे, ते इथल्याच सुळेभावीचे. त्यांच्यावर लिहिणारेही मोठे मिळाले. पण गिटारवाल्या पोरांच्या धडपडीचीही कुणीतरी तितक्याच आस्थेनं नोंद ठेवली, हे आज हातात धरून पाहिलं. २०१२ च्या जानेवारीत सैगल गोव्यात समुद्रात बुडून गेले. इथून जेमतेम तीन-साडेतीन तासांवर.

संध्याकाळी काकांना फोन केला. आधी गप्प झाले. मग म्हणाले, "टाकू नकोस रे, मी येतो रविवारी."

अंक उन्हात वाळत घातलेत.