मनगटावर उलटवलेला कफ

"काका, त्या मिशीवाल्याची मालिका पुन्हा लावलीत?" आमच्या घरी येणारा प्रत्येक जण हे विचारतो. गणपतीला आलेले पाहुणे विचारतात, शेजारची मंडळी विचारतात. पुतण्याने तर एकदा सोफ्यावर बसूनच विचारलं, "तुम्हाला त्यात नक्की दिसतं तरी काय?" आजवर मी हसून चहा पुढे करत आलो. पण आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगून टाकतो.

मालिकेचं नाव 'जेसन किंग'. ब्रिटनच्या आयटीव्हीवर सप्टेंबर १९७१ ते एप्रिल १९७२ या काळात तिचे २६ भाग दाखवले गेले. नायक लेखक आहे. मार्क केन नावाच्या हिरोच्या साहसकथा लिहून गबर झालेला, इंग्लंडचा कर चुकवून युरोपभर हिंडणारा. मिशा गालांवर उतरलेल्या, केस कानांवर फुगलेले, एका हातात ग्लास आणि दुसऱ्यात सिगारेट. ही भूमिका केली पीटर विनगार्डने.

मी ती १९७१ साली पाहिलेली नाही. तेव्हा मी गिरगावात वडिलांच्या दुकानात काजं करायला शिकत होतो आणि आमच्याकडे टीव्हीच नव्हता. ती भेटली पुष्कळ उशिरा. लंडनमध्ये वेम्ब्लीजवळ मी ऑल्टरेशनचं दुकान चालवायचो, आणि शेजारच्या चॅरिटी शॉपात डीव्हीडीचा एक डबा दोन पौंडांना पडून होता. डब्यावरच्या फोटोत एका माणसाने शर्टाचा कफ कोटाच्या बाहीवर उलटवला होता. तो कफ पाहून मी डबा उचलला. मालिका चांगली की वाईट, हा विचार नंतरचा.

आधी त्या कफाचंच सांगतो, कारण माझं सगळं उत्तर त्यातच आहे. साधा शर्ट कोटाच्या बाहीतून अर्धा इंच दिसला की पुरे. कफ कोटावर उलटवायचा तर शर्टाची बाही बेततानाच तीन-चार इंच जास्त धरावी लागते. शिवाय उलटल्यावर आतली बाजू बाहेर येते, म्हणून तिथेही तेच चांगलं कापड लावायचं. एरवी आत काय दडपलंय ते कुणाला दिसतं? इथे टाका न् टाका उघड्यावर. कोटाची बाही मनगटाशी चिंचोळी नसेल तर उलटवलेला कफ चोळामोळा होऊन बसतो. म्हणजे हा शर्ट आणि हा कोट एकमेकांसाठीच बेतलेले असणार. दुकानात जाऊन तयार घेतलेला हा माल नव्हे. पुढे वाचनात आलं, की कपडे कसे असावेत यात विनगार्डचा स्वतःचा मोठा हात होता. मला नवल वाटलं नाही. कपडे अंगावर चढवले आहेत की अंगातून उगवले आहेत, हे आमच्या धंद्यातल्याला लगेच कळतं.

आणि दुसरी गोष्ट, असा कफ घालून मारामारी करता येत नाही. मूठ वळली की तो सुटणार, नाहीतर फाटणार. साहसमालिकेच्या नायकाला असे कपडे कोण देतं? त्याच काळातल्या दुसऱ्या एका ब्रिटिश मालिकेत, 'द ॲव्हेंजर्स'मध्ये, जॉन स्टीडही असाच नटवा होता. पण त्याच्या बाउलर टोपीत पोलाद होतं आणि छत्रीत तलवार. स्टीडचा सूट म्हणजे चिलखतच. जेसन किंगच्या मखमली कोटाखाली फक्त जेसन किंग. तो मारही बऱ्यापैकी खातो. टेलिव्हिजनवरच्या त्या काळच्या नायकांत इतक्या वेळा आडवा होणारा दुसरा मला माहीत नाही.

आता मूळ पाहू. हा माणूस जन्मला 'डिपार्टमेंट एस' या मालिकेत. १९६९-७०, २८ भाग, मूळ कल्पना मॉन्टी बर्मन आणि डेनिस स्पूनर यांची. इंटरपोलचा एक विभाग, आणि इतर सगळ्यांनी हात टेकलेल्या केसेस त्याच्याकडे येणार. त्या मालिकेची खरी मजा पहिल्या तीन मिनिटांत असते. लंडनला विमान उतरतं, प्रवाशांच्या मते वेळेवर, प्रत्यक्षात सहा दिवस उशिरा. मधले सहा दिवस कुणालाच आठवत नाहीत. दुसऱ्या एका भागात भुयारी रेल्वेची गाडी शेवटच्या स्थानकात शिरते आणि आतले सगळे मेलेले. आणखी एका भागात अंतराळवीराच्या पोशाखातला माणूस लंडनच्या रस्त्यावर गुदमरून कोसळतो. अशी सुरुवात पाहिल्यावर उठून जाणं शक्यच नाही. मग पन्नास मिनिटांनी उलगडा होतो तो मात्र दर वेळी तितका गोड लागत नाही. कुणीतरी पैशासाठी केलेलं असतं, झालं.

तिथे जेसनबरोबर दोघं होते. स्ट्युअर्ट सुलिव्हन हा सरळ नाकाचा अमेरिकन, कारण या मालिका काढणाऱ्या ब्रिटनच्या आयटीसी कंपनीच्या लू ग्रेडना माल अमेरिकेत विकायचा असे. तो झाला होता जोएल फाबियानी. दुसरी ॲनाबेल हर्स्ट, कॉम्प्युटरवाली, रोझमेरी निकोल्स. जेसन फुशारकी मारायला लागला की ॲनाबेल भुवई उंचावणार. आणि या सगळ्यांचा साहेब सर कर्टिस सेरेत्से, काळा माणूस, भूमिका डेनिस अलाबा पीटर्सची. १९६९ सालच्या ब्रिटिश टीव्हीवर गोऱ्या हेरांना एक काळा अधिकारी कामं वाटून देतो आणि त्याचा गवगवा कुणी करत नाही. मला हे त्या सगळ्या विमानांहून मोठं वाटतं.

जेसन लोकांना इतका आवडला की त्याला स्वतंत्र मालिका मिळाली. आणि इथे माझं मत पुतण्याला पटत नाही, पण सांगतोच. 'डिपार्टमेंट एस' जास्त चांगली आहे. तिथे जेसन ताटातलं लोणचं होता. 'जेसन किंग'मध्ये ताटभर लोणचंच वाढलंय. भुवई उंचावणारी ॲनाबेल नाही, 'बस कर' म्हणणारा सुलिव्हन नाही. सर ब्रायन आणि रायलंड नावाचे दोन सरकारी लोक थकलेल्या कराची भीती घालून त्याला कामाला जुंपतात, तेवढाच काय तो लगाम.

पैसेही कमी. आधीची मालिका ३५ मिमी फिल्मवर काढलेली, ही १६ मिमीवर. फरक लगेच डोळ्यांत भरतो. सावल्यांत वाळू पसरल्यासारखे दाणे, लाल रंग जरासा विटलेला. युरोपातली खरी दृश्यं आहेत, पण दरवाजा उघडून आत गेलं की आपण इंग्लंडच्या स्टुडिओत. हॉटेलची भिंत दाराबरोबर हलते. आयटीसीच्या मालिका लागोपाठ बघाल तर एक पांढरी जॅग्वार कड्यावरून कोसळताना परत परत भेटेल. एकदाच घेतलेला तो शॉट, गिऱ्हाइकाच्या जुन्या पँटीतून पोराची चड्डी निघावी तसा कितीतरी भागांतून काढलाय.

आणि बायकांच्या बाबतीत ती मालिका आज बघवत नाही. दर भागात नवी सुंदरी, तिला नाव असतं पण काम नसतं. आमची ही एकदा दहा मिनिटं बसली आणि "हिला कुणी संवाद लिहूनच दिले नाहीत का?" म्हणून उठून गेली. मी वाद घातला नाही.

मग तरीही मी वाईट मालिकेकडेच परत परत का जातो? कारण ती चक्रम आहे. तिचा पहिला भागच असा, की जेसन एका अमेरिकन टीव्हीवाल्याला मार्क केनवर मालिका काढा म्हणून गळ घालतो, आणि तो सांगत असलेल्या गोष्टीत मार्क केन म्हणून आपल्याला दिसतो तो स्वतः जेसनच. म्हणजे टीव्हीवर टीव्ही विकणं चाललंय. एका भागात दोन चोर त्याच्या पुस्तकांतल्या युक्त्या वापरून गुन्हे करतात आणि संशय लेखकावर येतो. एकाचं शीर्षक मराठीत सांगायचं तर 'तो मी नव्हे, दुसराच कुणीतरी'. वर वर साहसकथा, पण आतून एकच खुंटी परत परत ठोकलेली: हा माणूस स्वतःच रचलेल्या सोंगात राहतोय, त्याला ते माहीत आहे, आणि सोंग उतरवलं तर खाली काय निघेल याची त्याला धास्ती आहे. हे पटकथेत होतं की विनगार्डने डोळ्यांतून आणलं, देव जाणे. मला डोळ्यांत दिसतं.

विनगार्डचं स्वतःचं आयुष्यही तसंच. जन्मसाल आणि जन्मगाव यांबद्दल त्याने जे सांगितलं आणि जी कागदपत्रं पुढे आली, त्यांचा मेळ बसत नाही. मूळ नाव सिरिल गोल्डबर्ट. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी शांघायजवळच्या लुंगहुआ छावणीत डांबलेल्या मुलांत तो होता. त्या छावणीत पुढे कादंबरीकार झालेला जे. जी. बॅलार्डही होता. छावणीत वाढलेल्या मुलाला मखमलीचं इतकं वेड का, हे मला कुणी समजावून सांगायला नको. फाळणीनंतर कराचीहून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली गिऱ्हाइकं आमच्या दुकानात यायची. सूट शिवताना त्यांच्याइतकं चोखंदळ कुणी नसे. अस्तर उलटून बघायचे.

'द ॲव्हेंजर्स'च्या १९६६ सालच्या एका भागात विनगार्डने हेलफायर क्लब नावाच्या गुप्त मंडळाचा म्होरक्या केला होता. चाबूक, मेणबत्त्या, सगळा थाट. तो भाग 'एक्स-मेन' कॉमिक्स करणाऱ्यांच्या इतका डोक्यात बसला की १९८० साली त्यांनी हेलफायर क्लब तर उचललाच, वर खलनायकाचं नाव ठेवलं जेसन विनगार्ड. अर्धं पात्राचं, अर्धं नटाचं. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्याने मोबाइल खाली ठेवला.

मग १९७५. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या बसस्थानकातल्या स्वच्छतागृहातून विनगार्डला अटक झाली. दुसऱ्या पुरुषाबरोबरच्या 'अश्लील वर्तना'चा आरोप, दंड ७५ पौंड. दोन प्रौढ पुरुषांमधले खाजगीतले संबंध इंग्लंडच्या कायद्याने १९६७ सालीच गुन्ह्यातून काढले होते, पण फक्त खाजगीतले. खटल्यात त्याचं खरं नाव घेतलं गेलं आणि वर्तमानपत्रांनी ते छापलं. ज्याला बायकांची झुंबड विमानतळावर घेरायची, त्याला टेलिव्हिजनवाल्यांनी जवळपास वाऱ्यावर सोडलं. दंड ७५ पौंडांचा, पण वसुली किती झाली बघा. मालिका पुन्हा बघताना हे डोक्यातून जात नाही. जेसन एखाद्या बाईचा हात हातात घेऊन लाडीगोडी लावतो आणि मी त्याच्या मनगटाकडे बघत बसतो. सगळे टाके उघड्यावर ठेवणारा माणूस, आणि एक शिवण मात्र कुणालाच दाखवायची नाही.

पुढे १९८० साली 'फ्लॅश गॉर्डन' चित्रपटात तो होता, पण सोनेरी मुखवट्याआड. चेहरा अजिबात नाही, फक्त आवाज. गंमत अशी की १९६१च्या 'द इनोसन्ट्स'मध्ये त्याने भूत केलं होतं तेव्हा उलटं होतं. खिडकीबाहेर चेहरा आणि तोंडी एक शब्द नाही. दोन्ही ठिकाणी अंगावर काटा येतो. अर्ध्या ऐवजावर पूर्ण काम करणारा नट होता तो. गेला १५ जानेवारी २०१८ला, लंडनमध्ये.

तेव्हा बघायचीच असेल तर 'डिपार्टमेंट एस'पासून सुरू करा, विमानवाल्या भागापासून. त्यातली माणसं ओळखीची झाली की 'जेसन किंग'चा पहिला भाग लावा. सलग मात्र बघू नका, आठवड्याला एक पुरे. आणि गोष्ट कंटाळवाणी झाली तर कपडे बघा. मी काय वेगळं करतो?

हो, पुतण्याचं राहिलंच. इतकी टिंगल करणारा तो, लग्न ठरल्यावर हळूच म्हणाला, "काका, स्वागत समारंभाला तसला कफ जमेल?" दुकान बंद करून मला तीन वर्षं झाली होती. माळ्यावरून मशीन काढलं. बाही चार इंच जास्त धरली, आतून फिकट जांभळं रेशीम लावलं, कोटाची बाही मनगटाशी आवळली. ट्रायलला तो आरशासमोर उभा राहिला आणि त्याने आपोआप हनुवटी वर केली. पंगतीत बसताना मी खुणेने सांगितलं, आता कफ सोड, कोटाच्या आत घाल. त्याने मान हलवून नाही म्हटलं. उजव्या कफावरचा वरणाचा डाग दोनदा धुऊनही गेलेला नाही.