करंगळीची परवानगी: शाळेत लेखी नियम होईपर्यंतचा माझा अनुभव

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझी लेक शाळेतून आली की पाठीवरचं दप्तरही न उतरवता मोरीकडे धावायची. दार लावून घ्यायलाही थांबायची नाही. भिजून आलीय, गारठली असेल, असं मला वाटायचं. पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली परत यायची, त्यावरून मी तिला दोनदा रागावलेसुद्धा. चौथीत होती ती, दुपारचं सत्र, १२.४० ते ५.५०. जाण्यायेण्याचा वेळ धरला तर सहा तास घराबाहेर. या सहा तासांत ती एकदाही लघवीला जात नव्हती, हे मला ऑगस्टमध्ये तिचा ताप १०२ वर गेल्यावर कळलं.

तिचं नाव इथे लिहीत नाही. गोष्ट तिची आहे, नाव लावायचं की नाही हे मोठी झाल्यावर तिनं ठरवावं.

लघवीच्या तपासणीत पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, भरपूर निघाल्या, कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहतात ती तपासणी) ई. कोलाय हा जंतू. लघवीचा संसर्ग होता. सात दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिल्यावर डॉक्टर माझ्याशी न बोलता तिच्याशी बोलायला लागले.

"शाळेत किती वेळा जातेस गं शूला?"

"नाही जात."

"का?"

"रांगेचा गुण जातो."

वर्गात बाकांच्या चार रांगा. शनिवारी ज्या रांगेचे गुण जास्त, तिचं नाव फळ्यावर आठवडाभर राहतं. गृहपाठ राहिला, बोलताना सापडलं, तास चालू असताना उठलं, की एक गुण वजा. करंगळी वर करून बाहेर जाणंही त्या 'उठण्यात' धरलेलं. बाई ओरडतील याची तिला फारशी भीती नव्हती. भीती होती ती तिच्याच रांगेतल्या सात-आठ जणींची, "तुझ्यामुळे गेला" म्हणणाऱ्यांची. छोट्या सुट्टीत संडासापाशी रांग, मोठ्या सुट्टीत डबा. मग तिनं स्वतःपुरता उपाय शोधला: पाणीच प्यायचं नाही.

हा उपाय ती कुठे शिकली हे मला ठाऊक आहे. मी एका पतपेढीत काउंटरवर बसते. सकाळी घरातून निघताना अर्धा कप चहा, बस. पाणी नाही. लोकलच्या बायकांच्या डब्यात शेजारी बसणाऱ्या बहुतेकींचं हेच आहे, ते आम्ही एकमेकींना सांगतही नाही इतकं अंगवळणी पडलंय. बायकांना स्वच्छ आणि मोफत मुताऱ्या मिळाव्यात म्हणून याच मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली. तिच्या बातम्या मी वाचत आले होते. पण तो प्रश्न मला स्टेशनवरचा आणि रस्त्यावरचा वाटायचा. चौथीच्या वर्गातला वाटला नव्हता.

डॉक्टरांनी कागदावर गणित मांडून दाखवलं. मुलाचं वय, त्यात दोन मिळवायचे, तीसने गुणायचं, म्हणजे मूत्राशयात साधारण किती मिलिलिटर मावतं ते येतं. नऊ वर्षांच्या मुलीचं ३३०. एक मोठा पेला. या वयाच्या मुलांनी दोन-तीन तासांनी लघवीला जायलाच हवं. मुलींचा मूत्रमार्ग आखूड, त्यामुळे जंतू लवकर वर चढतात. पाणी कमी प्यायलं की लघवी कमी होते, जंतू वाहून जात नाहीत, वर बद्धकोष्ठता होते आणि त्यानं संसर्ग आणखी सोपा होतो. सतत दाबून धरायची सवय लागली की पुढे मूत्राशय नीट रिकामं होणंही बिघडतं. शेवटी त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, 'या विद्यार्थिनीस केव्हाही लघवीस जाऊ द्यावे.'

ती चिठ्ठी मी वर्गशिक्षिकांना दिली, त्यांनी लगेच मान्य केली. माझं काम झालं असं मला वाटलं. पुढचे चार दिवस बाटली भरलेलीच परत येत होती.

"आता तर गुण जात नाही ना?" मी विचारलं.

"आई, मी एकटीच उठले की सगळे विचारतात तुला काय झालंय."

नवव्या वर्षी सगळ्या वर्गासमोर आजारी ठरायचं आणि मग लघवीला जायचं. तिनं तेही नको म्हटलं. एकटीपुरती सवलत मागून भागणार नव्हतं, मागायचा होता तो सगळ्या वर्गासाठीचा नियम. हे कळायला मला चार दिवस लागले.

दुसऱ्यांदा बाईंना भेटले तेव्हा आम्ही दोघी अर्धा तास बोललो. त्या भेटीआधी माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग होता, तो बराचसा तिथेच गेला. वर्गात ५६ मुलं. एकानं करंगळी दाखवली की पाच करंगळ्या वर होतात. ३५ मिनिटांचा तास, त्यातली पाच हजेरीत जातात. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतच लहान मुलींवर अत्याचार झाले, त्यानंतर मूल वर्गाबाहेर गेलं की परत येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो, असं त्या म्हणाल्या. चौथीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, संडास तळमजल्यावर, आणि पूर्ण प्राथमिक विभागाला मावशी एकच. "मी आत ५५ जणांपाशी थांबू की खाली तिच्याबरोबर जाऊ?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तरी गुण कापण्याचं समर्थन त्यातून होत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्या गप्प राहिल्या.

मग मुख्याध्यापिकांना अर्ज. दोन प्रती काढल्या, एक कार्यालयात दिली, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. अर्जात तक्रार केली नव्हती, एकच मागणी होती: तास चालू असताना लघवीला जाण्याबाबत शाळेचा जो नियम आहे तो लेखी द्यावा.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "असा नियमच नाही हो आपल्याकडे." खरंच नव्हता. शाळेच्या दैनंदिनीत नखं, केस, रिबिनी, डबा, सगळ्याचे नियम छापलेले आहेत, लघवीचा कुठेच नाही. कुणी कधी केलेला नसल्यामुळे तो कुणाला रद्दही करता येत नव्हता. प्रत्येक वर्गात बाईंच्या स्वभावाप्रमाणे तो वेगळा होता. दुसरीत 'पाण्याची बाटली संपवली तरच', तिसरीत 'एका तासाला एकच'.

"छोट्या सुट्टीत सगळ्यांना जाता येतं की," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मला एकदा बसून मोजू द्या. त्यांनी परवानगी दिली, हा त्यांचा मोठेपणा.

एका गुरुवारी रजा टाकून मी मावशींशेजारी स्टुलावर बसले. मुलींचे संडास चार. एकात झाडू, बादल्या आणि फिनेलचे कॅन. एकाची कडी तुटलेली, त्यात जायचं तर बाहेर मैत्रीण दार धरून उभी हवी, म्हणून कुणी जात नव्हतं. राहिले दोन. पहिली ते चौथीच्या आठ तुकड्यांतल्या मुली जवळजवळ २००. सुट्टी दहा मिनिटांची. घंटा ते घंटा मी मोजल्या: १४ मुली जाऊन आल्या. बाकीच्या रांगेतून तशाच वर पळाल्या. पहिलीतली एक जिन्यापर्यंत पोचायच्या आत ओली झाली. मावशींनी तिला कडेवर घेतलं, कपाटातून कोरडी चड्डी काढून दिली. कपाटात अशा सहा-सात चड्ड्या होत्या, मावशींनी स्वतःच्या घरून आणलेल्या.

तो १४ चा आकडा पुढे माझ्या प्रत्येक कागदावर पहिला होता.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अनुदानित शाळेतही शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया लागतात. त्यातल्या एका आईला गाठून विषय सप्टेंबरच्या सभेत घ्यायला लावला. बोलायला पाच मिनिटं मिळाली. मुलं आणि मुली यांची स्वच्छतागृहं वेगळी हवीत असं हा कायदा सांगतो, आणि त्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्याला मनाई करतं. २०१४ च्या 'स्वच्छ विद्यालय' पुस्तिकेत ४० मुलांमागे एक युनिट, म्हणजे एक संडास आणि तीन मुताऱ्या, असं प्रमाण दिलं आहे. आपल्याकडे २०० मुलींना दोन संडास. एवढं बोलून बसले.

एक वडील म्हणाले, आम्हीपण दाबूनच शिकलो, काही बिघडलं नाही. त्यांना उत्तर दिलं ते त्यांच्याच शेजारी बसलेल्या एका आजींनी. नातवाला न्यायला आल्या होत्या, सभेत बसल्या. "तुमचं नाही बिघडलं. माझं बिघडलं. साठ वर्षांची आहे, दर दोन महिन्यांनी दवाखाना." आणखी कुणीतरी केरळच्या शाळांनी २०१९ मध्ये सुरू केलेली 'पाण्याची घंटा' आपणही वाजवू म्हणालं. कल्पना चांगलीच आहे, पण पाणी प्यायला लावायचं आणि जायला सोडायचं नाही, ही त्या मुलांना शिक्षाच झाली असती. आधी संडास, मग घंटा, असं ठरलं.

शाळा नाहीच म्हणाली असती तर पुढचं पत्रही मी लिहून ठेवलं होतं, शिक्षण निरीक्षकांच्या नावे. तो पत्ता चुकीचा होता हे समितीतल्या त्या आईनं दाखवून दिलं. मुंबईत खासगी शाळांचे प्राथमिक वर्ग महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे येतात, माध्यमिक वर्ग शिक्षण निरीक्षकांकडे. चुकीच्या दारात महिना गेला असता. सुदैवानं ते पत्र टाकावं लागलं नाही.

ऑक्टोबरमध्ये सही-शिक्क्याची सूचना निघाली आणि प्रत्येक वर्गात लागली. करंगळी दाखवली की जाऊ द्यायचं, कारण विचारायचं नाही. गुण कापायचे नाहीत. दाराजवळच्या खिळ्याला दोन पास, मुलांचा एक, मुलींचा एक. लहान वर्गांतून जोडीनं पाठवायचं. पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी यांची छोटी सुट्टी वेगवेगळ्या वेळी. झाडू-बादल्या जिन्याखाली गेल्या, कडी बसली, मावशींची खुर्ची संडासाच्या दारासमोर आली. दुसरी मावशी मागितली होती, ती अजून मिळालेली नाही.

पहिल्या आठवड्यात पास क्षणभर खिळ्यावर टिकत नव्हता. बाई वैतागल्या, मला तसं म्हणाल्याही. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनीच सांगितलं की आता तासाला एखाददुसराच जातो, आणि पाच करंगळ्या एकदम वर होत नाहीत.

लेकीची बाटली पहिल्यांदा अर्धी रिकामी आली तेव्हा मी ती स्वयंपाकघरात उजेडाकडे धरून पाहिली. जानेवारीत लघवी पुन्हा तपासली, ती स्वच्छ आली. मीही काउंटरवर पाण्याची बाटली ठेवायला लागलेय, ती तिनंच दप्तरातून काढून दिलेली जुनी निळी.

जूनमध्ये ती पाचवीत, म्हणजे मागच्या माध्यमिक इमारतीत जाईल. तिथे तिच्या वर्गातल्या काहींची पाळीही सुरू होईल, तेव्हा 'सुट्टी होईपर्यंत थांब' हे वाक्य आणखी जड पडणार आहे. तिथल्या वर्गांत ती सूचना लावलेली नाही, मी जाऊन पाहून आले. झेरॉक्सच्या तीन प्रती काढून ठेवल्यात, आणि निरीक्षकांच्या नावाचं ते जुनं पत्रही फाडलेलं नाही.