फोन कोण उचलणार?

आज आमच्या कलादालनाच्या बैठकीत दीड तास एका चित्रावर खल झाला. म्हणजे चित्रावर जेमतेम पाच मिनिटं, बाकी वेळ ‘कोण भडकेल’ यावर. एका देणगीदाराला ते भडक वाटतं, दुसऱ्याला मिळमिळीत. मूळ चित्र दोघांनीही पाहिलेलं नाही, मोबाइलवर फोटो पाहिलाय फक्त!

मला २०१९ चं जपानमधलं आयची त्रैवार्षिक प्रदर्शन आठवलं. पूर्वी बंदी आलेल्या कलाकृतींचं तिथलं दालन धमक्यांमुळे तीन दिवसांत बंद झालं. संतापलेल्यांच्या फोनांनी कर्मचारी बेजार झाले होते. मग काही कलाकारांनी निषेध म्हणून आपली कामं मागे घेतली, आणि काहींनी चक्क कॉल सेंटर उघडलं: तक्रारी आम्हीच ऐकतो म्हणाले. ऑक्टोबरमध्ये दालन पुन्हा उघडलं, सोडत काढून मोजक्यांनाच प्रवेश देत. ही तडजोडच, पण कुलपापेक्षा शंभर पटींनी बरी.

आमचं चित्र लागणार आहे, बहुमताने. (बहुमत काठावरचं, ते सोडा.) मात्र स्वागतकक्षातल्या मुलीने शिव्या खायच्या का, यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढच्या विषयपत्रिकेत पहिला मुद्दा तोच घातलाय.