क्रमांक आणि साल: नौदलाच्या सोव्हिएत विमानांचा संग्रह करताना

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप देण्यात आला, तेव्हा वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने त्या विमानाला दिली आणि ते योग्यच झाले. १९६३ पासून हवाई दलात असलेले आणि आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात शेकड्यांनी तयार झालेले हे विमान तेवढ्या मानाचे हक्कदार होतेच. परंतु त्याच्या दोन वर्षे आधी, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावरून इल्युशिन-३८ हे विमान सेवानिवृत्त झाले. सेहेचाळीस वर्षे आपल्या समुद्रावर पाळत ठेवणाऱ्या या विमानाची कोकणात फारशी आठवण निघाली नाही, याची मला खंत वाटते. आम्ही वेंगुर्ल्याची माणसे दाबोळीपासून दूर नाही. सोव्हिएत विमानांचा अभ्यास किंवा त्यांच्या छोट्या प्रतिकृतींचा संग्रह करू इच्छिणाऱ्या कोकणातल्या माणसाने आधी नौदलाच्या विमानांकडे वळावे, आणि प्रत्येक विमान त्याच्या क्रमांकासह व सालासह जाणून घ्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. ते का, हे इल्युशिनपासूनच सांगायला हवे.

९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने दीवजवळ आपली 'खुकरी' बुडवली आणि पाणबुडीचा शोध घेणाऱ्या लांब पल्ल्याच्या विमानांची उणीव नौदलाला तीव्रतेने जाणवली. १९७६ साली सागरी टेहळणीचे काम हवाई दलाकडून नौदलाकडे आले आणि १ ऑक्टोबर १९७७ रोजी दाबोळीला ३१५ क्रमांकाची तुकडी इल्युशिन-३८ विमानांसह उभी राहिली. हे विमान इल्युशिन-१८ या प्रवासी विमानापासून तयार केलेले आहे; पण दोघांची चित्रे शेजारी ठेवली की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. इल्युशिन-३८ चे पंख सुमारे तीन मीटर पुढे सरकवलेले आहेत. रडार आणि इतर जड उपकरणे पुढच्या भागात आल्यामुळे विमानाचा गुरुत्वमध्य पुढे गेला आणि त्याच्यामागोमाग पंखही पुढे न्यावे लागले. त्यामुळे नाक आखूड आणि शेपटीकडचा भाग लांबलचक दिसतो. शेपटीच्या टोकाला जो लांब दांडा आहे, तो पाण्याखालच्या पाणबुडीच्या लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा सूक्ष्म बदल टिपण्यासाठी असतो, आणि विमानातील धातूचा व विजेचा अडथळा त्याला होऊ नये म्हणून तो इतक्या दूर, मागे नेलेला असतो. नाकाखालचा फुगवटा रडारचा. या विमानाच्या अंगावर शोभेसाठी केलेली एकही गोष्ट मला आढळत नाही, आणि म्हणूनच मला ते सुंदर वाटते.

सोव्हिएत संघाबाहेर हे विमान फक्त भारतानेच घेतले, तेही मोजकी पाच. पाचच विमाने असल्यामुळे त्यांतील प्रत्येकाचे चरित्र स्वतंत्रपणे सांगता येते. १ ऑक्टोबर २००२ रोजी तुकडीच्या रौप्यमहोत्सवी संचलनात आयएन ३०२ आणि आयएन ३०४ या दोन विमानांची दाबोळीवर हवेतच टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतील सर्व १२ जण मृत्युमुखी पडले. त्याच सुमारास या विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार झालेला होता. गमावलेल्या दोन विमानांच्या जागी रशियाने दुसरी दोन दिली आणि २००६ पासून 'सी ड्रॅगन' या नव्या टेहळणी प्रणालीची विमाने परत येऊ लागली. या प्रणालीची खूण लांबूनही ओळखू येते, कारण चालककक्षामागे, पाठीवर, दांड्यांच्या आधारावर उचलून धरलेली एक मोठी पेटी तिच्यासोबत आली.

संग्राहकासाठी याचा अर्थ सरळ आहे. पाठीवर पेटी असलेल्या प्रतिकृतीवर आयएन ३०२ किंवा आयएन ३०४ हा क्रमांक येऊच शकत नाही, कारण ती दोन्ही विमाने पेटी बसण्यापूर्वीच नष्ट झाली. आणि आयएन ३०१ केले, तर ते कोणत्या सालचे, हे आधी ठरवावे लागते. किटच्या डब्यात डिकालचे (प्रतिकृतीवर चिकटवायच्या छाप्यांचे) जे क्रमांक मिळतात, ते डोळे मिटून चिकटवणे ही निव्वळ सजावट झाली. क्रमांक आणि साल ठरवून त्याप्रमाणे प्रतिकृती घडवली, तर ती नोंद होते, आणि आयएन ३०२ च्या बाबतीत ती त्या माणसांचीही नोंद होते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

तुपोलेव-१४२ या सागरी टेहळणीच्या दुसऱ्या सोव्हिएत विमानाचे नाव निघाले की सर्वांना तमिळनाडूतील अरक्कोणमचा नौदल तळ आठवतो. परंतु १९८८ च्या एप्रिलमध्ये ३१२ क्रमांकाची तुकडी या विमानांसह दाबोळीलाच पुन्हा सुरू झाली आणि १९९२ साली ती अरक्कोणमला गेली. म्हणजे जगातील सर्वांत वेगवान पंख्यांच्या विमानांच्या कुळातले हे अजस्र विमान चार वर्षे आपल्या किनाऱ्याचे रहिवासी होते. त्याच्या चार इंजिनांपैकी प्रत्येकाची ताकद सुमारे १५,००० अश्वशक्ती. एवढी ताकद एका पंख्याला पेलवत नाही, म्हणून प्रत्येक इंजिनावर चार पात्यांचे दोन पंखे एकामागे एक बसवलेले आहेत आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाच्या पलीकडे जात असल्यामुळे या विमानाचा आवाज इतर कोणत्याही विमानासारखा नाही. २९ मार्च २०१७ रोजी ते निवृत्त झाले, आणि एक विमान विशाखापट्टणमच्या समुद्रकिनारी संग्रहालय म्हणून उभे आहे. त्याच्या आधी याच तुकडीकडे असलेले सुपर कॉन्स्टेलेशन मात्र बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल संग्रहालयात पाहता येते. ते अमेरिकन असले, तरी तुपोलेव समजून घेण्यापूर्वी ते पाहावे, म्हणजे नौदलाने केवढी मोठी झेप घेतली ते कळते.

आता मिग-२९के. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन तारकर्लीला साजरा झाला, तेव्हा ही विमाने आपल्या लोकांनी अगदी जवळून पाहिली. माझ्या शेजारी वाळूत बसलेल्या एका आजींनी कानांवर हात ठेवून मला विचारले, "गो बाय, ह्यां राफेल मां?" मी त्यांना सांगितले की आजी, हे रशियाचे मिग आहे आणि हे बोटीवरून उडते. बोटीवर एवढे विमान राहते कुठे, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि तो अतिशय योग्य होता. पंख दुमडल्यावर बारा मीटरची रुंदी आठ मीटरच्या आत येते, हे त्याचे उत्तर.

या विमानाचा जन्मच मोठा विलक्षण आहे. पहिले मिग-२९के १९८८ च्या जुलैमध्ये उडाले. १ नोव्हेंबर १९८९ रोजी तोक्तार औबाकिरोव यांनी ते 'त्बिलिसी' या विमानवाहू जहाजावर उतरवले. जहाजाच्या चढत्या नाकावरून त्याच दिवशी उड्डाण करण्याचा पहिला मानही त्यांचाच. (हेच औबाकिरोव १९९१ मध्ये अंतराळातही जाऊन आले.) मात्र त्याच दिवशी व्हिक्टर पुगाचोव यांनी त्यांच्या आधी सुखोई उतरवले होते, आणि पुढे सोव्हिएत संघ मोडला, पैसा आटला, तेव्हा रशियन नौदलाने सुखोईचीच निवड केली. मिग-२९के मागे पडले. ते पुन्हा उभे राहिले ते २००४ च्या भारताच्या करारामुळे, 'विक्रमादित्य' या जहाजासाठी. प्रारंभी १६ आणि २०१० च्या करारानुसार आणखी २९, अशी एकूण ४५ विमाने. १९ फेब्रुवारी २०१० रोजी गोव्यात ती नौदलात दाखल झाली आणि मे २०१३ मध्ये 'ब्लॅक पँथर्स' ही ३०३ क्रमांकाची तुकडी सुरू झाली. एका देशाने बाजूला ठेवलेले विमान दुसऱ्या देशाच्या गरजेमुळे उत्पादनात आले, अशी उदाहरणे विमानांच्या इतिहासात फार नाहीत.

प्रतिकृती करणाऱ्यांनी येथे दोन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. पहिले म्हणजे चालककक्षावरचे पारदर्शक छत. आपले एक आसनाचे मिग-२९के आणि दोन आसनांचे प्रशिक्षण विमान या दोघांचेही छत सारख्याच लांबीचे आहे, कारण दोघांचा सांगाडा एकच ठेवलेला आहे. एक आसनी विमानात मागच्या आसनाच्या जागी इंधनाची टाकी येते. त्यामुळे लांब छत दिसले म्हणून ते दोन आसनी समजू नये. दुसरे म्हणजे पंखांच्या मुळाशी वरच्या बाजूला असलेल्या झडपा. हवाई दलाचे मूळ मिग-२९ धावपट्टीवर धावताना खडे-माती इंजिनात जाऊ नये म्हणून पुढची हवेची तोंडे बंद करते आणि या वरच्या झडपांतून श्वास घेते. जहाजाच्या पृष्ठावर माती कसली? नौदलाच्या विमानात त्या झडपा काढून टाकल्या, तोंडात मागे-पुढे सरकणारी जाळी बसवली आणि मोकळ्या झालेल्या जागेत जास्तीचे इंधन भरले. हवाई दलाच्या मिगचे किट घेऊन त्यापासून नौदलाचे विमान करणाऱ्याने या झडपांच्या खाचा पुट्टीने बुजवून, सँडपेपरने घासून पूर्ण सपाट केल्याच पाहिजेत. ते केले नाही, तर बाकी सर्व मेहनत वाया जाते.

कामोव हेलिकॉप्टरांविषयी थोडक्यात सांगते. १९८० मध्ये 'राजपूत' विनाशिकेबरोबर कामोव-२५ आले, त्यानंतर कामोव-२८, आणि २००३ पासून कामोव-३१. एकाच दांड्यावर उलट दिशांनी फिरणारे दोन पंखे असल्यामुळे शेपटीच्या पंख्याची गरज उरत नाही, लांबी कमी होते आणि विनाशिकेच्या छोट्याशा पृष्ठावरही ते उतरू शकते. कामोव-३१ च्या पोटाखाली सुमारे सहा मीटर लांबीचा रडारचा पट्टा दुमडलेला असतो; हवेत गेल्यावर तो खाली उघडतो, चाके वर घेतली जातात आणि पट्टा गोल फिरू लागतो. प्रतिकृतीत तो उघडलेला दाखवायचा असेल, तर ती उडत्या स्थितीतच उभी करावी लागते.

कोकणात हा संग्रह सांभाळणे हे घाटावरच्या किंवा दिल्लीच्या माणसाला न कळणारे प्रकरण आहे. पावसाळ्यात एअरब्रशने लॅकर मारला की रंगावर पांढरी झाक येते. रंगातील द्रावक वेगाने उडून जातो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतील ओल त्या ओल्या थरातच जमते. उपाय म्हणजे जून ते सप्टेंबर फक्त जोडकाम आणि घासकाम करावे आणि रंगकामाला दिवाळीनंतर हात घालावा. अगदी नड असल्यास पाण्याचे ॲक्रिलिक रंग वापरावेत. पारदर्शक छत चिकटवताना सुपरग्लू टाळावा, कारण दमट हवेत त्याच्या वाफेने काचेवर धुके बसते आणि ते निघत नाही. त्यापेक्षा साधा पांढरा फेविकॉल उत्तम, तो सुकल्यावर दिसतही नाही. पिवळे पडलेले डिकाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हात लावले की बरेच उजळतात, पण हे मे महिना संपण्याच्या आत करून घ्यावे. कागदपत्रे व जुनी छायाचित्रे मात्र भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नयेत. आमच्याकडे जांभ्याच्या भिंती ओल धरतात, आणि कसर लागलेले छायाचित्र पुन्हा मिळत नाही.

जागेचाही विचार आधी करावा. १:७२ या प्रमाणात मिग-२९के सुमारे चोवीस सेंटीमीटर होते, इल्युशिन-३८ पंचावन्नाच्या आसपास जाते, आणि तुपोलेव-१४२ चौऱ्याहत्तर सेंटीमीटर लांब व जवळजवळ सत्तर रुंद. त्यामुळे मोठ्या विमानांसाठी १:१४४ हे प्रमाण घेण्यात कमीपणा मानू नये.

काही जण प्रतिकृतींऐवजी प्रत्यक्ष विमानांतील उपकरणे जमवतात. चालककक्षातील एसीएचएस-१ हे घड्याळ त्यांत सर्वांत लोकप्रिय आहे. चालू वेळ, उड्डाणाचा काळ आणि स्टॉपवॉच अशी तिन्ही कामे करणारे हे चावीचे घड्याळ सैबेरियाच्या थंडीत गोठू नये म्हणून त्यात विजेवर तापणारी यंत्रणाही बसवलेली असते. परंतु जुन्या सोव्हिएत उपकरणांचे आकडे व काटे अंधारात चमकावेत म्हणून अनेकदा रेडियमयुक्त रंग वापरलेला असे. चमक कधीच विझलेली असली, तरी किरणोत्सर्ग संपलेला नसतो. म्हणून अशा उपकरणाची काच उघडू नये, तबकडी खरवडू नये, काच फुटली असल्यास ते विकतच घेऊ नये, आणि असलेले उपकरण झोपायच्या खोलीत किंवा मुलांच्या हाताला लागेल तेथे ठेवू नये.

छायाचित्रांबाबत एकच विनंती करते. दाबोळी हा नौदलाचा तळ आहे आणि तेथील धावपट्टीची छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. प्रवासी म्हणून विमानात बसलेलो असलो, तरी ती पाळावी. नौदल दिनासारखे जाहीर कार्यक्रम आणि बोगमाळोचे संग्रहालय येथे मनसोक्त छायाचित्रे घ्यावीत, आणि प्रत्येकाच्या मागे त्याच दिवशी तारीख, ठिकाण व शेपटीवरचा क्रमांक लिहून ठेवावा. ज्यांच्याकडे १९८८ ते १९९२ या काळात गोव्यात सार्वजनिक प्रसंगी घेतलेली तुपोलेवची छायाचित्रे घरच्या जुन्या अल्बममध्ये पडून असतील, त्यांनी ती चांगल्या यंत्रावर स्कॅन करून घ्यावीत. त्या चार वर्षांतील विमानांचे रंग आणि क्रमांक ताडून पाहण्यासाठी मला आणि माझ्यासारख्या इतरांना त्यांचा फार उपयोग होईल.