एकशे एक की नव्याण्णव?

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जुनी वर्तमानपत्रं आणि सरकारी कागद स्कॅन करून त्यांची सूची करणं हे माझं काम. एरवी लोक येतात ते आजोबांचं लग्न कधी झालं, एवढंच विचारायला. त्या दिवशी सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी आले. कुटुंबाच्या मेळाव्यासाठी त्यांना पणजीबद्दल चार ओळी हव्या होत्या. सोबत 1961 सालचा मृत्युलेख होता: कस्टर काउंटीची पहिल्या पिढीची रहिवासी, वय 101, मागे पाच मुलं, 1888च्या जानेवारीतल्या भीषण हिमवादळातून वाचलेली. "ओसाड माळरानाचं सोनं केलं," असंही त्यात होतं. हा माळ ओसाड नव्हता. तो पॉनी या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या शिकारीचा मुलूख होता आणि 1870च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ते लिहून घेतलं.

आम्ही पणजीची होमस्टेडची, म्हणजे सरकारकडून कसायला मिळालेल्या जमिनीची, फाइल उघडली. 1862च्या कायद्यानं 160 एकर जमीन मिळायची, पण पाच वर्षं तिथं राहून ती कसायला हवी. अर्जदार एकवीस वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख असावा लागे. लग्न न झालेल्या बाईलाही अर्ज करता येई, आणि हिनं तो 1881 मध्ये केला होता. वय लिहिलं होतं 21. पाच वर्षांनी जमीन नावावर करून घेताना दिलेली जबानी मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. घर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांचं, एक विहीर, नांगरटीखाली आलेली पस्तीस एकर. तोवर तिचं लग्न झालेलं होतं, पण दावा तिच्याच नावावर राहिला होता.

मग सवयीनं मी 1870ची जनगणना काढली. आयोवातल्या एका शेतघरात तीच मुलगी, आईवडील आणि भावंडांसोबत. वय 8.

म्हणजे 1881 मध्ये ती एकोणीस वर्षांची होती. जमिनीसाठी वाढवलेली दोन वर्षं तिनं पुढं कधीच परत घेतली नाहीत. 1900च्या जनगणनेतही जन्मवर्ष 1860च आहे. त्यामुळं ती गेली तेव्हा खरी नव्याण्णव वर्षांची होती. मला वाटलं, पणतू नाराज होतील. ते तर खूश झाले. एकोणीस वर्षांच्या पोरीनं जमीन कार्यालयात जाऊन, न डगमगता एकवीस सांगितलं, याचंच त्यांना अप्रूप. मलाही ते शंभरीपेक्षा मोठं वाटलं आणि अजूनही वाटतं.

पण ते 1900चं पान बंद करता येईना. त्या वर्षी बायकांना दोन प्रश्न विचारले होते: किती मुलांना जन्म दिला, आणि त्यातली हयात किती? तिच्यापुढं लिहिलं होतं 8 आणि 5.

मृत्युलेखात फक्त पाच. घरातही कधी कुणी आणखी तिघांबद्दल बोललं नव्हतं. ही मुलं कधी जन्मली, कधी गेली, हे शोधायला 1890ची जनगणना कामाची होती, पण तिचे बहुतेक कागद 1921च्या आगीत जळाले किंवा खराब झाले आणि पुढं नष्ट केले गेले. त्या काळी राज्यात मृत्यूंची नोंदही नीट होत नसे. दफनभूमीच्या यादीत तिचं आणि नवऱ्याचं नाव सापडलं, मुलांचं नाही. गावापासून लांब राहणारी माणसं पुष्कळदा लेकरांना स्वतःच्याच जमिनीत पुरत.

फाइलमध्ये त्या जमिनीचं वर्णन होतं, ते नकाशावर बसवलं. आता तिथं मका आहे. मधोमध फिरत्या पाइपानं पाणी देतात, त्यामुळं चौकोनी शेतात हिरवं वर्तुळ उमटतं आणि चारही कोपरे कोरडे राहतात. ईशान्येच्या कोपऱ्यात थोडी झाडं दिसतात. कबरी असतीलच असं नाही. पण नांगर फिरला नसेल अशी जागा तेवढीच. पणतूंनी माझ्यासमोरच आत्ताच्या मालकाला फोन लावला. कापणीनंतर या, असं तो म्हणाला. मेळाव्यासाठीच्या चार ओळींत त्यांनी माझ्याकडून "आठ मुलांची आई" असं लिहून घेतलं.